खुणांची वही

बाबा, तुमची वही रविवारपासून काचेखाली ठेवणार आहेत. बंदराजवळच्या बर्फाच्या जुन्या खोलीत गावातल्या पोरांनी एक दालन उभं केलंय, पुढच्या पिढ्यांना आपला धंदा आठवावा म्हणून. दोन महिन्यांपूर्वी बघून आले. भिंतीवर जाळं ताणलंय, खालून दिवे सोडलेत, आणि त्या जाळ्याला फाटलं म्हणून तुणलेली, सांधलेली एक जागा नाही. मी विचारलं, "हे कधी पाण्यात गेलंय का?" तर दालन सांभाळणारी कॉलेजातली पोरगी म्हणते, "नाही आज्जी, जुनं खूप वास मारत होतं." वास मारतो म्हणून जुनं फेकलं आणि आठवण म्हणून कोरं टांगलं! मला राहवलं नाही, बोलायचं ते बोलले. तीस वर्षं तलासरीच्या कचेरीत मी जुने कागद राखले. वाळवी, उंदीर आणि साहेब, तिघांपासून. राखणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, असं मी त्या पोरीला तोंडावर सांगितलं. सांगायला नको होतं, पण ते पुढे येईल.

ती वही आपण श्रावणात लिहिली. होड्या वर ओढलेल्या, नारळी पुनव यायची होती. आई चुलीवर सुके बोंबील भाजत होती आणि तुम्ही ओट्यावर समुद्राकडे तोंड करून बसला होता, जरी तुम्हाला तो तेव्हा नुसता पांढरा दिसत होता. डॉक्टरांनी डोळ्यांची आशा सोडली होती. भाऊ लहान; तो होडी हाकणारा तांडेल होण्याइतका वाढेपर्यंत तुमचे डोळे थांबणार नव्हते. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही समुद्रातल्या जागांच्या खुणा तोंडाबाहेर काढल्या. हात लांब धरून मोजलं तर महालक्ष्मीच्या सुळक्यापासून देवळाचा कळस किती बोटं, ताडांच्या जोडीपासून दीपस्तंभ किती बोटं, यावरून होडी पापलेटच्या जागेवर आली की खडकावर, ते कळायचं. या गोष्टी तुम्ही सख्ख्या भावालाही सांगितल्या नव्हत्या. मी बाजूला पाटावर बसून लिहीत होते, नवी वही, दौतीतली शाई, शाळेतल्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर.

तुम्ही म्हणालात, "सुळक्याच्या उजव्या हाताला कळस, दोन बोटं. तिथे खाली खडक."

मी म्हटलं, "बाबा, उजवं-डावं असं कुणी लिहीत नाही. दिशा लिहितात."

"मग तुझी सिस्टर सांगते तसं लिही. पण दोन बोटं म्हणजे दोनच. तुझी नाहीत, माझी."

आई आतून म्हणाली, "बघा, आता समुद्रालाही इंग्लिश शाळेत घाला." तुम्ही हसलात. मी समोर बघितलं. समोर पाणी, म्हणजे पश्चिम. पश्चिमेकडे तोंड केलं की उजवा हात उत्तरेला. भूगोलात मी पहिली यायचे. उजवं आलं की उत्तर, डावं आलं की दक्षिण, अशी बावीस पानं मी ऐटीत भरली. शेवटी तुम्ही पानांवरून हात फिरवलात, वाचता येत असल्यासारखा, आणि म्हणालात, "आता मी मेलो तरी चालेल."

पुढचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर भावाने होडी घेतली. ती वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरून न्यायचा. पहिल्या हंगामात हाताला काही लागलं नाही. दुसऱ्यात जाळं खडकावर फाटलं, दोनदा. तिसऱ्या वर्षी त्याने होडी विकली आणि वाणगावला बाजारात भाजी घेऊन बसला. वही माझ्या अंगावर फेकून म्हणाला, "पोटच्या पोरालाही खोट्या खुणा दिल्या म्हाताऱ्याने. खऱ्या घेऊन गेला." तो तुमच्या श्राद्धाला येत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. सगळे म्हणायचेच की तांडेल खूण देत नाही, जीव देईल. मला वाटायचं, मला समोर बसवून, माझ्या हाताने, तुम्ही खोटं लिहून घेतलंत. इतकी वर्षं मी तुमच्या फोटोला हार घातला तो रागानेच.

गेल्या महिन्यात त्या पोरीला वहीतली एक खूण मोबाइलवर चित्रित करायची होती. "आज्जी, तुम्हीही चला ना होडीत." सहासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा होडीत बसले. बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही, हा तुमचाच नियम. आम्ही फक्त किनाऱ्यावर टोपल्या घेऊन उभं राहायचं. तांडेल पन्नाशीचा होता, बोलका. मी वाचत गेले आणि तो होडी नेत गेला. कळस सुळक्याच्या उत्तरेला दोन बोटं. तिथे त्याने पाण्याखालचा तळ दाखवणाऱ्या यंत्रावर पाहिलं, खाली नुसता गाळ. "मावशी, परत वाचा." परत वाचलं. तो किनाऱ्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि हसायलाच लागला. "तुम्ही हे घरी बसून लिहिलंय ना, पाण्याकडे तोंड करून? आम्ही इथून जमिनीकडे तोंड करून बघतो. आमचा उजवा तिकडे, दक्षिणेला."

मग त्याने होडी वळवली. कळस सुळक्याच्या पलीकडे, दक्षिणेला सरकला. तुमच्या बोटांचा अंदाज धरून दोन बोटं मोजली, आणि यंत्रावर खालचा खडक उभा राहिला, तुम्ही सांगितला होतात तिथेच. बाबा, सगळं खरं होतं. बावीसच्या बावीस पानं.

मला राग आला आहे आणि तो कुणावर काढावा कळत नाही. चूक माझी. पण मला एकदा, एकदाच होडीत बसवलं असतंत तर मी ती केली नसती, ही तुमची. ज्या पोरीला मी जाळ्यावरून ऐकवलं, तिने निदान मला पाण्यावर तरी नेलं. मी समुद्र ओट्यावरून उतरवून घेतला होता, सुवाच्य अक्षरात.

आता सांगायचं ते सांगते. होडीत तो हसत होता, पोरगी मोबाइल माझ्याकडे धरून उभी होती. "आज्जी, म्हणजे नक्की चुकलं कोण?" मी म्हणाले, "बाबांना तेव्हा दिसत नव्हतं. सांगताना त्यांनीच उलटं सांगितलं असेल." तिने ते तसंच लिहून घेतलं. वहीशेजारी ठेवायचं कार्ड छापून आलंय, त्यावर तेच आहे. काल तिने मला दाखवलं, शुद्धलेखन तपासायला. मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत दिलं.