सावलीच्या कपाळावर रेघ

प्रिय प्रिस्किला,

…आणि खिडकीच्या फटीत आता तुझी जुनी ओढणीही कोंबली, तरी उजेडाची एक काडी आत येतेच आहे. तुझ्या उशीपासून वीतभर लांब आहे ती. कपाळावरची ओली पट्टी बदलली तेव्हा तू डोळे उघडले नाहीस. फक्त माझं मनगट धरलंस आणि सोडलंस. पावलांचा आवाजही तुला सोसत नाही, म्हणून चपला हातात घेऊन बाहेर ओट्यावर आले आणि तुझ्या नवऱ्याकडून, दानियलकडून, वहीची चार पानं मागून घेतली. बोलता येत नाही, तर लिहू.

दुपार डोक्यावर आहे. तुझं दुखणंही. उगवतीला डाव्या भुवईत टोचायला लागतं, उन्हाबरोबर चढत जातं आणि मावळतीला असं उतरतं की तू उठून चूल पेटवतेस. जणू दिवसभर दुसरीच कोणी पडून होती. नंदुरबारच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, काही निघालं नाही. गोळ्यांनी आधी उतार पडायचा, आता त्या नुसतं पोट जाळतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तू शाळेत शिकवायला गेलीच नाहीस. दानियल फोनवर एवढंच म्हणाला, ताई, दोन दिवस येऊन राहा, तिला बरं वाटेल. त्याने दुसरं काही मागितलं नाही आणि मी विचारलं नाही. विसरवाडीला बसमधून उतरले तेव्हा तो मोटारसायकल घेऊन उभा होता. घरापर्यंत आम्ही फक्त भाताच्या कापणीबद्दल बोललो.

आपण वसतिगृहात एका खोलीत राहिलो तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं. लग्न होऊन तापीकाठी गेले आणि सासूबाईंनी, गजराबाईंनी, मला उन्हाचं काम शिकवलं. त्यात गूढ काही नाही. भाकरीसारखं रोजचं काम आहे. सूर्य जमिनीतून सुटायच्या आत अंगणात पितळी परात पाण्याने भरून ठेवायची. त्याच्याकडे थेट पाहायचं नाही, तो पाण्यात आला की तिथे पाहायचं. ते पाणी उंबऱ्यावर शिंपडायचं, उरलेलं पेरणीच्या बियाण्यावर. तान्हं मूल पहिल्यांदा बाहेर आणायचं तेही याच वेळेला, आधी टाचा उन्हात, मग कपाळ. दुपारी सावली पायाखाली आली की हात आवरायचे, ती वेळ त्याची एकट्याची. मावळतीला परात पालथी घालायची. मी शाळेत पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं शिकवते आणि पहाटे परात भरते. दोन्हींचं माझ्यात कधी भांडण झालं नाही.

अर्धशिशीचं काम याच कामात येतं. दुखणाऱ्याने उपाशीपोटी यायचं, न बोलता, आणि उन्हाकडे पाठ करून बसायचं. सावली समोर अंगणभर लांब पडते. त्या सावलीच्या कपाळावर मी विळ्याने आडवी रेघ ओढते. ऊन चढतं तशी सावली आखडत माणसाकडे येते, रेघ तिथेच राहते. दुखणं रेघेपाशी राहतं. मग त्या रेघेवर परातीतलं पाणी ओतायचं आणि उठायचं. सूर्याबरोबर चढणारं आणि सूर्याबरोबर उतरणारं दुखणं असेल तरच. रात्री ठणकणाऱ्या डोक्याला मी हात लावत नाही, दवाखान्यात पाठवते. तुझं दुखणं कोणतं आहे ते मी काल दिवसभर बघितलं. मला शंका नाही.

हे सगळं तुला फोनवर कधीतरी सांगितलं होतं. तू हसून म्हणाली होतीस, माझ्यासाठी मात्र काही करू नकोस हं. मी बरं म्हटलं. तेव्हा तुझं डोकं दुखत नव्हतं.

एक गोष्ट सांगितली नव्हती, ती माझ्या नवऱ्याची, नवनीतची. लग्नाआधी त्यालाही अर्धशिशी होती. कॉलेजात जायचा, आईच्या परातीला हसायचा. तो आतल्या खोलीत पालथा पडलेला असायचा आणि अंगणात त्याची आई दुसऱ्या गावच्या लोकांच्या सावल्यांवर रेघा ओढत असायची. अख्खा उन्हाळा तिने पोटच्या पोराला हाक मारली नाही. शेजारणी तोंडावर बोलायच्या, काय बाई दगडाची आई आहे. ती म्हणायची, "कोनलेच बलावानं नही. ज्याले दुखस, तो येस." बोलावून आलेला माणूस बोलावणाऱ्याच्या पायांनी येतो, आणि मग सावलीही त्याची राहत नाही, असं तिचं म्हणणं. एका सकाळी नवनीत बाहेर आला. हातात गाडीची किल्ली, जणू कुठे निघालाय आणि वाटेत सहज टेकतोय. तिने विळा तेवढा उचलला. तो अजून सांगतो, किल्ली होती म्हणून बरं, नाहीतर लाजेनेच मेलो असतो.

मघाशी तुझे सासरे, अब्राहामबाबा, शेजारी येऊन बसले. माझ्या पिशवीतून परातीचा काठ दिसत होता. म्हणाले, "ममताबाई, परात बरोबर आणलीस? आमच्या घरी ताटं नाहीत असं वाटलं का?" मी म्हटलं, सवय आहे. तर म्हणाले, "तुझा सूर्य आमच्या चर्चच्या मागून उगवतो, बघून ठेव. पाळकांना विचारावं लागेल." मी म्हटलं, "मागूनच उगवतो ना बाबा, आत येऊन बाक तर अडवत नाही." हसता हसता त्यांना ठसका लागला. मग आवाज खाली आणून तुझ्या आजोबांचं बोलले. ते झाडफूक करणारे भगत होते हे मला माहीत होतं. पण बाप्तिस्म्याच्या दिवशी तुझ्या वडिलांनी त्यांचं सूप आणि मोरपिसं स्वतःच्या हातांनी नदीत सोडली, आणि तू काठावर उभी राहून पाहिलंस, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. बाबा म्हणाले, "ती परातीपाशी नाही यायची. आली तर मी अडवणार नाही. पण जा असंही सांगणार नाही." मी म्हटलं, मीही नाही. आतून तुझ्या कण्हण्याचा आवाज आला. ते उठले आणि गोठ्याकडे गेले.

तुझ्या वडिलांनी जे सोडलं ते त्यांनी सोडलं. मी तुला ते परत देत नाही आणि तुझं काही मागतही नाही. माझ्या कामात कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. ऊन, पाणी, विळा आणि तुझी स्वतःची सावली, एवढंच. हे मला तुला सांगायचं आहे. आणि नेमकं हेच सांगता येत नाही, कारण हे सांगणं म्हणजे बोलावणं.

म्हणून हे पत्र. काल संध्याकाळी तू उठलीस, चहा ठेवलास, मुलीच्या साखरपुड्याचं बोलू लागलीस आणि माझ्या जिभेवर एकच शब्द होता. आजही मावळतीला तू उठशील, आणि मी तो बोलून जाईन अशी मला धास्ती आहे. तोंडात ठेवण्यापेक्षा कागदावर ठेवलेला बरा. ये. प्रिस्किला, ये. एकदा लिहिला, आता तो तोंडातून सुटणार नाही. आज तू उठलीस की मी साखरपुड्याचंच बोलेन, कोणती साडी नेसायची त्यावर तुझ्याशी भांडेन. पहाटे तुमच्या अंगणात माझी परात भरेन, जशी घरी रोज भरते. हे पत्र तुला उद्या ऊन वर आल्यावर मिळेल, तू बाहेर आलेली असलीस तरी आणि नसलीस तरी. पण तू येशील.

तुमच्या ओट्यावरून,
तुझीच
ममता

सकाळी. परातीतलं पाणी उन्हाने लाल व्हायच्या आत तू बाहेर आलीस. गळ्यात क्रूस होता. उन्हाकडे पाठ करून बसलीस. तुझ्या सावलीवरून कोंबड्या जाऊ लागल्या, त्या अब्राहामबाबांनी हाकलल्या. मी रेघ ओढली.