कावीळ आणि पाया

विचुंबे, पनवेल
९ जानेवारी २०११

प्यारी आपा,

अस्सलाम अलैकुम. दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधी हेच लिहिते की इथे सगळे ठीक आहेत. रय्यान ठीक आहे. मीही शाळा, वह्या, मुलं यांत ठीकच होते, गेल्या रविवारपर्यंत.

पत्र टपालाने पाठवत नाही. नशराचे मामा, म्हणजे आपल्या होणाऱ्या भावजयीचे, शुक्रवारी कुवेतला परत जातायत. आपाच्याच हातात द्या, असं त्यांना दोनदा बजावलं आहे. तुझ्या घरी फोन दुल्हाभाईच उचलतात म्हणून फोन केला नाही. त्यांना काय ठाऊक आहे आणि काय नाही, ते मला ठाऊक नाही. वाचून झाल्यावर फाडून टाक.

रय्यानचा निकाह १३ फेब्रुवारीला. यायला जमणार नाही हा तुझा निरोप मिळाला. मिळाला त्या दिवशी मी भांडी आदळली होती. सख्ख्या, एकुलत्या एक भावाचं लग्न, आणि आपाला जमत नाही. अम्मी गेल्यावर तुला आमच्याशी काही देणंघेणं उरलं नाही, असं मी नशराच्या आईलाही बोलून मोकळी झाले. ते मला परत घ्यायचंय. ते आणि आणखी एक.

पण रविवारचं क्रमाने सांगू दे, नाहीतर मलाच धड सांगता येणार नाही.

तुला माहीत नसेल, अम्मी गेल्यावर आम्हा बहीणभावांना एक खूळ लागलं. घरात रविवारची दुपार खायला उठायची, म्हणून मोटारसायकल काढायची आणि कुठे नवीन खानावळ निघाली ते शोधत फिरायचं. खारघरला केरळी मुसलमानाची सापडली, कामोठ्यात एका मणिपुरी बाईची, कळंबोलीत ट्रकवाल्यांचा पंजाबी ढाबा. आणि आपा, गंमत अशी की सगळीकडे जे आपल्या लहानपणी कुणी विचारत नव्हतं तेच आता फळ्यावर सगळ्यात वर लिहिलेलं असतं. भेजा, वजडी, मुंडी, बकऱ्याचे पाये. शहजादचाचा मटणवाले आठवतात ना, अम्मीला पाये कागदात बांधून वर देऊन टाकायचे आणि म्हणायचे, न्या भाभी, नाहीतर मांजरं ओढतील. आता त्यांच्याकडे पाये हवे असले तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. सगळे हॉटेलवाले उचलतात.

तर गेल्या रविवारी एसटी स्टँडच्या मागे एक नवी खानावळ सापडली. चार टेबलं. बाहेर पाटी, ‘उरणचा कोकणी खाना’. चालवणारी हव्वाबी म्हणून साठीची बाई, डोक्यावर पदर घट्ट, जीभ मात्र सैल. पाया मागवला. लालभडक, झणझणीत, चांगला होता. पण मला खोड ना, मी तिला म्हटलं, मावशी, मला वेगळा पाया हवाय. पांढरट. तिखट अजिबात नाही. सुंठ, मिरी, मेथीचे दाणे, भरपूर लसूण आणि वर तूप तरंगणारा. मी सात वर्षांची असताना उरणला खालाच्या घरी अम्मी रोज सकाळी करायची. तसा कुठेच मिळत नाही.

तिने विचारलं, “रोज? कोनासाठी?”

मी म्हटलं, “माझ्या मोठ्या बहिणीसाठी. तिला कावीळ झाली होती.”

हव्वाबी पदराने तोंड झाकून हसली. म्हणाली, “अगो, कावीळवाल्याला कोन पाया देतंय? तेला तर तुपाचा थेंब पन चालत नाय. ह्यो बाळंतिनीचा पाया. चाळीस दिस देतात, दूध यावाला. हाटेलात नाय करत ह्यो.” आणि रस्सा वाढायला पुढच्या टेबलाकडे गेली.

आपा, मी घास हातात घेऊन बसले होते. तो मी खाल्ला की खाली ठेवला, मला आठवत नाही.

रय्यान समोरच होता. मान खाली घालून हाड चोखत होता. मग परत निघालो. विचुंब्याच्या वळणावर गाडी हळू करून तो म्हणाला, “मला नववीत कावीळ झाली होती ना, तेव्हा अम्मीने दोन महिने अंडंसुद्धा दिलं नव्हतं.” एवढंच. मी म्हटलं, “समोर बघून चालव.”

तेव्हापासून मी सुन्न आहे. वर्गात फळ्यावर तारीख लिहिते आणि खडू हातातच राहतो. पंचवीस वर्षं ज्या आठवणीचा स्वाद मी गावभर शोधत होते, तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आता पाहते तर सगळं समोरच ठेवलेलं. तुझ्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. कावीळ लागेल म्हणून मला आत यायला बंदी होती. आणि रय्यानची झोळी मात्र आत, तुझ्या खोलीत. त्या घरात बाळ होतं. सगळ्यांना सांगायला बाळंतीण अम्मी होती. अम्मी चुलीपाशी उभी राहून बकऱ्याच्या पायांवरचे केस निखाऱ्यावर जाळायची, कणीक लावून घासायची, तासन्‌तास शिजवायची. आणि पीत होतीस तू.

एकदा दाराच्या फटीतून तू मला नळीचं हाड दिलं होतंस, चोखायला. तुझे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, कावीळ.

तू अठरा वर्षांची होतीस. माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुली अठरा वर्षांच्या होऊन भेटायला येतात, तेव्हा केवढ्याशा दिसतात. कोण, कसं, हे मी कधीच विचारणार नाही. अम्मीने बरं केलं की वाईट, तेही मला ठरवता येत नाही. तिच्यावर राग येतो, आणि पाये घासून सोललेले तिचे हात आठवले की तोही धड टिकत नाही.

आता ते दुसरं. अम्मीच्या तिसऱ्या दिवशी तू आलीस आणि रय्यानच्या खोलीत बसून त्याचे शर्ट घडी करत राहिलीस. मी दारात उभी राहून सगळ्यांच्या देखत तुला विचारलं, “अम्मीने त्याला वाढवलं, मी त्याचा अभ्यास घेतला. तू काय केलंस रय्यानसाठी?” तू हातातला शर्ट पुन्हा उलगडलास आणि पुन्हा घडी घातलीस. उत्तर कुठून देणार होतीस. आपा, मला माफ कर. मी हे लिहिताना रडते आहे आणि तरी ते शब्द तसेच आहेत.

काल मी तो पाया केला. शहजादचाचांना सांगून ठेवलं होतं. हव्वाबीकडे जाऊन मेथी किती, सुंठ किती ते विचारून आले. तिने कुणासाठी असं विचारलं नाही, फक्त माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रय्यान दोन वाट्या प्यायला. मग वाटी चाटूनपुसून ठेवत म्हणाला, “आपा आली की तिच्यासाठी हाच कर.”

मी म्हटलं, “हा असा कुणासाठीही करत नाहीत रे. बाळंतिणीसाठी करतात.”

तो म्हणाला, “माहीत आहे. म्हणूनच म्हणतोय.”

आणि उठून हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता. आता त्यावर आम्ही तू आल्याशिवाय बोलणार नाही.

हळद बारा तारखेला आहे. आपल्यात हळदीचं पहिलं बोट आई लावते. अम्मी नाही म्हणून ते मी लावायचं ठरलं होतं, मी त्यासाठी पिवळी साडीसुद्धा घेतली. आज सकाळी मी सगळ्यांना सांगून टाकलं की तो मान आपाचा. कुणी का म्हणून विचारलं नाही. अम्मी नसली की मोठी बहीण आईच्या जागी बसते, लोकांना एवढंच माहीत आहे आणि एवढंच पुरेसं आहे. तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. तू फक्त त्याला लाव.

उत्तर लिहीत बसू नकोस. तिकीट काढ.

फटीतून दिलेल्या हाडाची चव अजून जिभेवर असलेली,
तुझी धाकटी,
मुबीना