पिंपळझरीला आता गाडी थांबत नाही

प्रिय धीरज,

तुझा नंबर बंद येतो, म्हणून अंकिताच्या मावशीच्या बल्लारशाच्या पत्त्यावर हे पत्र टाकते आहे. ती तुझ्यापर्यंत पोचवेल एवढाच भरवसा. आधी वाईट बातमी सांगते. बाबा पौषात गेले. तुझ्याकडे माणूस पाठवला होता, पण तुम्ही ती खोली सोडल्याचं घरमालकानं त्याला सांगितलं. कुठे गेलात ते त्याला ठाऊक नव्हतं. बाबांना चोरून तू मला करायचास ते फोनही दिवाळीनंतर थांबले. बाबा गेल्यापासून मी आईजवळच राहते.

शेवटच्या दुखण्यात बाबा घरादाराचं बोलत नव्हते, फक्त स्टेशनाचं बोलायचे. त्यांच्या आजोबांच्या काळी इथून कापसाच्या गाठी कशा चढायच्या, मालगाडीचा रूळ पार सरकी काढणाऱ्या जिनापर्यंत कसा होता. मग गाठी ट्रकनं जाऊ लागल्या, तो रूळ उखडला, मास्तरची बदली झाली आणि स्टेशनाचं नुसतं हॉल्ट उरलं. तेव्हापासून कमिशनवर तिकिटं विकायला बाबा त्या खिडकीत बसले. सकाळी हिंगणघाटला कॉलेजात जाणाऱ्या पोरी, दुपारच्या पॅसेंजरनं बाजार घेऊन परतणाऱ्या बाया, सगळ्यांना ते नावानं ओळखत. लॉकडाऊननंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण आपला थांबा गेला तो गेलाच. खिडकीवर फळ्या ठोकल्या. आता लोक ऑटोनं हिंगणघाट गाठतात आणि पॅसेंजर शिटी देत आपल्या समोरून निघून जाते.

त्याच खिडकीतून बाबांनी तुला शेवटचं तिकीट दिलं होतं. तू त्यांच्या मनाविरुद्ध अंकिताशी लग्न केलंस म्हणून म्हणाले होते, “जा. पण या टेशनावर पुन्हा उतरू नको.” मी तुझ्या मागेच उभी होते. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते खिडकीतून बघत राहिले, ते तुला दिसलं नाही.

होळीनंतर शोभाबाई घरी आली. रेल्वेच्या तिसऱ्या लाइनीचं काम करणाऱ्या मजुरांमुळे तिची स्टेशनाजवळची चहाची टपरी अजून तग धरून आहे. मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाली, “गुंजन, गाडी थांबली नाई वं, पण तुया भाऊ उतरला.” मी हसण्यावारी नेलं. मग किराणावाले भैयाजी तेच सांगू लागले. चेहऱ्याला दुपट्टा बांधलेला, म्हणाले, पण चाल धीरजचीच.

शेवटी मी स्वतः गेले. ऊन असं की प्लॅटफॉर्मवर कुत्रंही नव्हतं. पॅसेंजर आली, जराही हळू न होता गेली, मागे धूळ उठली. धूळ बसली तेव्हा टोकाला एक माणूस पाठमोरा उभा होता. कापसाच्या जिनात पडल्यापासून तू डावा पाय जरा ओढतोस ना, तसाच पाय ओढत तो निघाला. मी तुझ्या नावानं हाक मारली. तो थांबला, पण वळला नाही. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, आत कुणी असावं तसा. मी पळत पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. मी फळीवर हात ठेवला. सगळं स्टेशन तव्यासारखं तापलेलं आणि ती फळी माठासारखी गार.

मला वाटलं, खिडकीपर्यंतच येत असेल. पण तो रोज थोडा पुढे येतो. आधी लिंबापर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत, मग आपल्या गल्लीच्या तोंडाशी. लोकांनी दुपारी त्या बाजूला जाणं सोडलं आहे. आणि आई? बाबा गेल्यापासून घास गिळत नव्हती, ती आता वेणी घालते, भाकरी जास्तीची टाकते, पॅसेंजरच्या शिटीची वाट पाहते. मी तिला काय सांगू?

काल त्यानं दाराची कडी वाजवली. तू वाजवायचास तशीच, दोनदा हळू आणि एकदा जोरात. आई उठली. मी तिचा हात धरला. “काऊन उघडू देत नाई मले?” ती म्हणाली. “लेक उन्हात उभा हाय.” मी विचारलं, कोण आहे? दाराखालच्या फटीत दोन पायांची सावली होती आणि तिथून गार वारा आत येत होता. मग सावली सरकली आणि पाय ओढल्याचा आवाज दूर गेला. आई तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

धीरज, अक्षय तृतीया जवळ आली आहे. पितर म्हणून बाबांना जेवू घालायची ही पहिलीच. त्या दिवशी दार उघडंच राहील, असं आईनं शेजारणीकडून मला कळवलं आहे. म्हणून हे पत्र. तू जिवंत असशील तर त्याआधी एक फोन कर. काही बोलू नकोस, नुसतं ‘ताई’ म्हण. मग बाहेर जे कुणी येतं त्याला मी उंबऱ्यावर पाय ठेवू देणार नाही, आईनं मला जन्मभर बोल लावला तरी. पण फोन आला नाही, तर मी समजेन की तो तूच आहेस. मग दार मीच उघडीन आणि बाबांच्या शेजारी तुझं पान मांडीन. बाबांचा शब्द बाबांबरोबर गेला रे. जसा असशील तसा ये.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारी,
तुझीच,
गुंजनताई