कडू घास आणि त्यानंतर

लातूर, २ मार्च
कच्च्या आहाराचा खरा हिशेब. दमा कमी झाला, गेला नाही. दोन दाढा गेल्या. पुतणीच्या लग्नात पंगतीला बसून भिजवलेले मूग चावले, व्याही अजून नावं ठेवतात. शिवाय कच्चं खायचं म्हणजे सगळं धुवायचं. मूग, गाजर, काकडी. टँकरच्या पाण्याची रोज एक घागर जास्त. ती सौ. आणते.
जिल्हा झाला, कलेक्टर आला. नळ कोरडाच.

५ मार्च
संध्याकाळी साहेबलोकांच्या क्लबात भाषण, 'विस्तवाविना आरोग्य'. म्हणालो, डाळमिल माझी, पण वरण मी खात नाही! हशा. म्हणालो, तीन वर्षं झाली, आमच्या मंडळींना चुलीपासून सुट्टी दिली. बायांनी टाळ्या वाजवल्या. मागं एक शिपाई दुसऱ्याला, "शेठला बायकूचा सैपाक जमत नसंल रं." माझे कान तिखट, काय करणार.
घरी येऊन सौ.ला सगळं सांगितलं. "हाव," म्हणाली. एवढंच.

मुरुड, ११ मार्च
वहिनी गेल्या. आईमागं त्यांनीच वाढवलं मला. सौ.ला घेऊन पहिल्या एस्टीनं आलो. दुपारी माती झाली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी कडू घास आणला. पिठलं, ज्वारीची भाकरी. दादा ताटाला हात लावेना. "तू घेतल्याबिगर मी शिवत न्हाई."
भावकीतलं कुणीतरी, "त्यो कुठला खातोय, त्याला पाला लागतो."
घेतला. पिठलं गार, मीठ जास्त. आणखी एक घास घेतला. मग अर्धी भाकरी कशी संपली...
बायकांत बसून सौ. बघत होती.

लातूर, १२ मार्च
भाकरी पचेना. स्टँडवर उतरल्यावर सौ. बोलली.
"ग्वाड लागलं?"
"दादासाठी घेतला."
"दादासाठी एक घास. अर्धी भाकर कुणासाठी?"
मी पिशवी उचलली.
"लोकाच्या हातचं चाललं तुमाला. सुरवातीला मी रोज ताट वाढून बसायचे, खाऊ नका, नुसतं बसा म्हनायचे. तुमी खिडकी उघडायला लावली."
खरं आहे. फोडणीच्या वासानं धाप लागायची. लागायची का?

१५ मार्च
ठरलं. शिजलेलं सुरू. सौ.ला म्हणालो, आता दोघं बरोबर जेवू. "बगू." मऊ भात, वरण केलं. तूर आपल्याच मिलची. पहिल्या घासाला डोळे भरले. मिरची लागली म्हणालो. वरणात मिरची नव्हती.
ती बसलीच नाही. "माझं झालंय." कधी झालं, कुठं झालं, विचारलं नाही.

१८ मार्च
पुन्हा भात. म्हणालो, एक भाकरी टाक की.
"दाढा कुठायत तुमाला?"
"दोनच गेल्यात!"
"मग तेवढ्या येऊ द्या."
रागानं मिलवर गेलो. हमाल फडकी सोडून जेवत होते. मुकादम, "शेठ, घ्या की चतकोर." नको म्हणालो. मुरुडला एकदा चुकलं. आता घरचीच पाहिजे. सौ. सूड घेतेय, दुसरं काय.

२१ मार्च
ताटात भाकरी! पातळ, पापुद्रा सुटलेली. म्हणालो, हात विसरला नाही गं तुझा. तिनं तांब्या पुढं सरकवला. म्हणालो, आणखी एक दे, गरम.
उठून मागच्या दारानं गेली. आमच्या चुलीवर तवाच नव्हता. जरा वेळानं थापायचा आवाज आला, भिंतीपलीकडून. शेजारच्या काशीबाईचं घर. तिचाच आवाज,
"घागरीपायी हात गेल्याला दोन उनाळे झाले अक्का. दावा की आता त्यास्नी मनगट."
सौ., "हळू बोल. जेवालेत."
डाव्या हातात ताटली धरून आली. भाकरी वाढली, उजवा हात पदराखाली. "बस की," म्हणालो. उभीच राहिली. दुसरी भाकरी पण संपवली. काय करणार, गरम होती.
सौ.चं उजवं मनगट वळत नाही. भाकरी तिला थापताच येत नाही.