अभिमन्यूची साक्ष कुनी द्यावी

माजलगाव,
ता. ४ नोव्हेंबर २०२४

ती. मंजुळावन्सं यांस,
वच्छलाचा प्रभू येशूत सलाम, वि. वि.

आमी समदे खुशाल. फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, संभाळून घ्या. आनंदाची बातमी ही की आपल्या अभिमन्यूच्या लेकाचा बाप्तिस्मा चोवीस तारखेला, रविवारी. नातू लई गोड हाय. हसला की गालाला खळी पडती. सूनबाई मनिषा म्हणती तिच्या माहेरची, मी म्हणते माझी. झबलं मीच शिवलंय. एक बाही लांब झाली, पन लेकरू वाढंलच की.

आता दुसरं. पाळकसाहेब सांगत होते की गेवराईच्या उपकारस्तुतीच्या सभेत तुमी अभिमन्यूची साक्ष दिली, ऊसतोडीतल्या आगीची. बाया रडल्या म्हणं. आन् बाप्तिस्म्यालाबी ती तुमच्याच तोंडून ऐकायची, असं त्यांच्या मनात हाय.

वन्सं, ती साक्ष माझी हाय. लेकरू माझं. फडातलं पाचट पेटलं तवा मी पळाले, फोड माझ्या तळपायाला आले. नऊ महिन्यांचं पोरगं कोरड्या पाटातून रांगत पलीकडं गेलं, आन् त्याच दिशी पाटाला पाणी सुटलं म्हणून आग अलीकडंच थांबली. बाभळीखाली हातात पाला घेऊन बसलेलं मीच बघितलं. सदतीस वर्षं दर साली उभी राहून मी देवाचे उपकार सांगते. आता मी उठले की माणसं गीतांची पुस्तकं चाळत्यात, आन् तुमी सांगितलं की रडत्यात. तुमी कावून सांगावं? तुमी तर तवा कोपीच्या दारात बसून चहा पीत होता.

राग मानू नका. मला आलाय तेवढा पुरे.

तुमची,
वच्छला


गेवराई,
ता. ९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वच्छलेस,
मंजुळाचे अनेक आशीर्वाद. नातवाला पापा.

बाहीचं वाचून हसले. अभिमन्यूचं झबलंबी तू असंच शिवलं होतंस, एक बाही हत्तीला झाली असती. आता नीट बसून वाच.

लेकरू रांगत गेलं न्हाई. मी नेलं होतं. मला मूल न्हाई, तुला ठावंच हाय. दिवसभर ते माझ्याजवळ असायचं, पन तू कोयता खाली ठिवून आलीस की माझ्या कडेवरून तुझ्याकडं झेपायचं. मला ते बघवायचं न्हाई. त्या दिशी तुझ्या नजरेआड असावं म्हणून पाटापलीकडं घेऊन गेले. निजलं तसं बाभळीखाली ठिवलं आन् चहाला आले. तेवढ्यात पाचट पेटलं. तू ईचारलंस तवा मी म्हणाले, रांगत गेलं असंल.

तू दर साली सांगायचीस आन् मी मान खाली घालून ऐकायची. औंदा पैल्यांदा समदं खरं सांगितलं. बाया त्याला रडल्या. देवानं तुझं लेकरू राखलं, आन् माझ्या हातानं ते मरू दिलं न्हाई. ही साक्ष माझीबी हाय, वच्छले. तरी तू नको म्हणलीस तर मी येनार न्हाई.

तुझी,
मंजुळा


माजलगाव,
ता. १५ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं यांस सलाम.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जागची उठले न्हाई. मनिषाला वाटलं गुडघे दुखत्यात. तिनं तेल चोळलं, मीबी गुमान चोळून घेतलं. माफ केलं का, ते माझं मलाच अजून कळंना. समद्या गेवराईला कळलं आन् मला शेवटी, ह्याचा तर लईच राग हाय.

अभिमन्यूला वाचून दाखवलं. वाटलं, तो तरी तुमच्यावर भडकंल. तर तो म्हणला की आई, मग ते पाणी तुमा दोघींसाठी आलतं. एवढी वर्षं मी देवाचे अर्धेच उपकार मानत आले.

पाळकसाहेबांना निरोप दिलाय, साक्ष वन्संच देतील. मी औंदा बसून ऐकनार. पन एक अट हाय. साक्ष देताना नातू तुमच्या कडेवर पायजे. तुमच्या खांद्यावर मान टाकून निजला तर मला बघवनार न्हाई, हे आधीच सांगते. तरीबी घ्या. मी हात पुढं करनार न्हाई.

शनिवारीच या. माया हाय तशी असू द्या.

तुमची भावजय,
वच्छला