तारा गेला

घोटावडे, ता. मुळशी
२८ एप्रिल २००९

प्रिय अभय,

परवा रविवारी तर फोनवर बोललो, आणि लगेच हे पत्र. घरात फोन असताना हा माणूस तिकिटं चिकटवत कशाला बसला, असं तुला वाटेल. वाटू दे. काही गोष्टी फोनवर माझ्याच्यानं होत नाहीत. एक कर, कामावर असशील तर हे आत्ता वाचू नकोस. घरी जा, चार घास खा, मग वाच.

रविवारी तू फार खुशीत होतास. गुरुवारी तुमच्या दुर्बिणीनं पकडलेला स्फोट तेराशे कोटी वर्षांपूर्वीचा निघाला, इतक्या लांबचं आजवर कुणी काही पाहिलं नव्हतं, हे सांगताना तुला श्वास पुरत नव्हता. मी नुसता हूं हूं करत होतो. कळत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं तू पढवल्यावर दगडालाही कळेल. मोठा तारा आपल्याच भारानं आत कोसळतो आणि मरताना गॅमा किरणांचा झोत सोडतो. आपली हवा ते किरण खाली येऊ देत नाही, म्हणून दुर्बीण वर आकाशात ठेवायची. चाहूल लागली की ती कुणाला न विचारता आपणहून तिकडे मान वळवते आणि तुम्हा सगळ्यांचे फोन वाजतात. झोत काही क्षणांत संपतो, पण मागे धग राहते. ती निवायच्या आत मोजली, तरच तारा किती लांबचा होता ते कळतं. चूल विझल्यावर राखेवर हात धरून बघतात, त्यातलाच प्रकार.

तुझ्या आईनं हे सगळं शास्त्र एका आंघोळीत बसवलं होतं. आठवतं ना? तू तिथं परदेशात नवीन लागला होतास, लाईन खरखरत होती, आणि तू ओरडून सांगितलंस, आई, आज तारा गेला! तिनं ऐकलं, तारा गेली. म्हणजे तिची पौडची तारामावशी! पुढचं काही न ऐकता फोन ठेवला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि रडत रडत पौडची जीप धरली. जाऊन बघते तर मावशी दारात बसून शेंगा फोडतेय. "माझ्या नावानं आंगूळ केलीस व्हय गं, सटवे?" म्हणत मावशीनं जो तोंडाचा पट्टा सोडला, तो काही केल्या आवरेना. तुला कळलं तेव्हा तू हसून म्हणालास, आमच्या यंत्रालाही असे खोटे इशारे येतात, ते वेगळे काढणं हेच तर माझं काम.

पण तेव्हापासून तुझा मेसेज आला की अनसूयाबाई निघाल्या न्हाणीत. मी चिडवायचो, अगं, तो मेला त्याला कोट्यवधी वर्षं झाली, सुतक कधीच फिटलं. तर म्हणायची, "आपल्याला आज कळलं न्हवं? लांबच्याचं कळलं की पानी घ्यावं. काय जातंय आपलं?" मग तूही गमतीनं दर वेळी तेच लिहायला लागलास. आज तारा गेला.

दिवाळीनंतर तिची ती आंघोळ बंद झाली, हे तुला माहीत नाही. पोटात गाठ होती. पुण्याला दाखवलं, डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं, तेव्हाच काय ते समजलो. तुला फोन करून कळवायचं नाही, असं तिनं देवासमोर माझ्याकडून वदवून घेतलं. तुझे तिथले कागद अडकलेत, आत्ता देश सोडलास तर परत घेतील याची खात्री नाही, हे तूच बोलून बसला होतास. ते तिनं धरून ठेवलं. तुझ्याशी हसून बोलायची आणि फोन ठेवला की भिंतीला टेकायची. मला राग यायचा तिचा. अजून येतो. आईजवळ यायचं की नाही, हे त्याचं त्याला ठरवू दे, असं मी किती वेळा म्हणालो, पण ती हट्टाला पेटली की माझं काय चालतं? तुझा मेसेज आला की मी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसायचो. तीच तिची आंघोळ.

गुरुवारी इथं मतदान होतं. सकाळी तिनंच मला मत द्यायला पिटाळलं. परत आलो तर ती गेलेली होती. मान दाराकडे वळलेली होती. मी रांगेत कशाला उभा राहिलो, याला आता उत्तर नाही. माणसं केंद्रावरूनच घरी आली. खांदेकऱ्यांच्या बोटांना शाई होती, तिचं बोट तेवढं कोरं. अग्नी मी दिला. तो तुझा मान होता. संध्याकाळी नदीवरून येऊन ओल्या अंगानं ओसरीवर बसलो होतो, तर तिचा फोन वाजला. शेजारच्या हैबतरावांनी विचारलं, "पोराचा हाय का? कळवलं का त्याला?" मी बघितलं. तू लिहिलं होतंस, आई, आज तारा गेला, फार लांबचा दिसतोय. मी म्हणालो, त्यानंच कळवलंय.

रविवारी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू विचारलंस, आई कुठाय, आणि मी म्हणालो, झोपलीय. फोन करू नका असं तिनं बजावलं होतं, पत्राचं काही बोलली नव्हती. एवढीच पळवाट मला सापडली. हे पोचेल तोवर इथलं दहावं-तेरावं उरकलेलं असेल. पण आईबापाचं सुतक तसं फिटत नसतं. कधीही कळो, कळल्या दिवसापासून पुरतं धरायचं, असं आपल्यात आहे. ये असं मी म्हणणार नाही, येऊ नको असंही म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. आधी हे पत्र खाली ठेव आणि डोक्यावरून पाणी घे. हा इशारा खोटा नाही रे, बाळा.

तुझाच,
बाबा