तारघरातली खाणावळ

मंगळवार, ४ मार्च
आला एकदाचा माझा लेख छापून! ‘शंभर वर्षांचं तारघर आणि त्यातली चूल.’ संपादक म्हणाले, “अलंकार जरा कमी चालले असते.” ताईनं वाचलाच नाही. ज्या जाळीच्या खिडकीतून पूर्वी लोकांच्या तारा घ्यायचे, तिच्यातून ताट सरकवत म्हणाली, “पेपर बाजूला कर, भाजी गार होतेय.”

तिच्या खाणावळीत ‘काय काय आहे?’ विचारायची सोय नाही. ती खिडकीतून तोंड बघते आणि वाढते. मला आज मऊ भात. म्हणजे तोंड तसंच असणार.

सोमवार, १०
जतन खात्याचे निरीक्षक आले. तुळया ठोकल्या, छताची काजळी बोटानं पुसून पाहिली. “संरक्षित वास्तूत विस्तव चालायचा नाही. महिनाअखेर बंद करा.” त्यांच्या फायलीत माझ्या लेखाचं कात्रण!

ताई म्हणाली, “उभ्याउभ्या काय लिहिताय? बसा, जेवून घ्या.” जेवला लेकाचा. भाजी दोनदा मागून!

बुधवार, १२
दुसऱ्यासाठी केलेल्या क्रियेला संस्कृतात परस्मैपद. लिहिलं मी, भोगणार ताई. शाळेत हे उदाहरण कुणी दिलं नव्हतं.

झोप नाही.

रविवार, १६
खाणावळ वाचवायला सह्यांची मोहीम. म्होरक्या आमच्या पंगतीतले वकील — आम्ही त्यांना ‘अपील’ म्हणतो, वाढलेल्या प्रत्येक ताटाविरुद्ध एका पोळीसाठी दाद मागतात म्हणून. दोनशे चौदा सह्या! ताईला कागद दाखवले. भिंतीला हात टेकून उभी होती. “कशाला रे एवढा खटाटोप?” म्हणाली नि आत वळली.

मानी आहे. बावीस वर्षांत एक दिवस सुट्टी नाही, आणि आता डोळ्यांत पाणीसुद्धा नाही.

गुरुवार, २०
पाय ओढत गेलो आणि कबूल करून टाकलं. “ताई, माझ्या लेखानं घात केला गं.”

ती पोळ्या लाटत होती. हातसुद्धा थांबला नाही. “तुझं लिहिणं वाचून आजवर कुणी काही केलंय का, भाऊराया?”

चेष्टेनं दुःख झाकते आहे बिचारी. उद्या सह्या घेऊन खात्यात जातो.

शुक्रवार, २१
कारकुनानं फाईल उघडली. कात्रणाच्या खाली एक अर्ज, माझ्या लेखाच्या तीन आठवडे आधीचा. ‘वास्तूत चूल पेटते. धोका आहे. बंद करावी.’ खाली ताईची सही!

“बाई स्वतः आल्या होत्या,” कारकून म्हणाला. “जिना चढून दहा मिनिटं नुसत्या गुडघे दाबत बसल्या. म्हणाल्या, मी थांबते म्हटलं तर आमची माणसं थांबू द्यायची नाहीत.”

सह्यांसाठी त्यानं हात पुढे केला. मी कागद परत पिशवीत घातले.

दुपारी जेवायला गेलो नाही. तिचं एक ताट तरी कमी.